मुक्कामी गाडी

आमचे हे एकतीस वर्षं एसटीत चालक होते, सोलापूर आगारात. त्यातल्या किती रात्री गाडीतच झोपून काढल्या, याचा हिशेब त्यांच्याकडंही नाही. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे आता शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावाला जायचं, रात्री गाडी तिथंच लावायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. अक्कलकोट तालुक्यात सीमेवरच्या एका गावाला ह्यांची ड्युटी वर्षानुवर्षं लागायची. पहाटेचे प्रवासी तिथं कानडीत भांडत गाडीत चढायचे. रात्री वाहक मागच्या लांब सीटवर आणि हे मधल्या वाटेत सतरंजी टाकून झोपायचे. हातपाय धुवायला मारुतीच्या देवळाचा हौद, आणि कुणाच्या ना कुणाच्या घरून भाकरी-पिठलं यायचंच. गाडी पारापुढं लावा, तिथं दिवा आहे, असं गावच सांगायचं.

त्यामुळं भाच्यानं जेव्हा मोबाइलवर कॅरॅव्हॅनचे व्हिडिओ दाखवले, आत पलंग, ओटा, बेसिन वगैरे, तेव्हा ह्यांनी शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाले, "मुक्कामी गाडीच की ही. पॅसेंजर तेवढे नाहीत."

मी माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर खाडी काढायची, पुळण काढायची, भरती-ओहोटीचे बाण काढायचे. समोरची पोरं विडी वळणाऱ्या बायांची आणि यंत्रमागावरच्या कामगारांची. त्यातल्या बहुतेकांनी मोठं पाणी म्हणून सिद्धेश्वर तलाव आणि फार तर उजनी पाहिलेलं. एकानं एकदा विचारलं होतं, "मॅडम, ओहोटीला पाणी जातं कुठं?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. मी स्वतः समुद्र पाहिला होता तो मुंबईत, नात्यातल्या एकांच्या आजारपणाला गेलो तेव्हा, तासभर, भेळवाल्यांच्या गर्दीतून. उत्तर देताना आवाज जरा जास्तच खणखणीत निघाला असणार.

दोघंही निवृत्त झाल्यावर ठरवलं की किनाऱ्यानं सावकाश जायचं. तयार कॅरॅव्हॅन भाड्यानं मिळते, चौकशी केली. दिवसाचं भाडं ऐकून ह्यांनी फोन काही न बोलता माझ्या हातात दिला. मग भाच्याच्याच शेडमध्ये, अक्कलकोट रोडला, एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरवर काम झालं. काम म्हणजे काय, तर गाडीच्या रचनेत कायमचा बदल केला की आरटीओची मंजुरी घ्यावी लागते, म्हणून काहीच ठोकलं नाही. मागच्या सीटांवर आडव्या फळ्या, त्यावर गादी. पडद्यांच्या जागी सोलापुरी चादरी. दोन पाण्याचे जार, एक झाकणाचा ड्रम, एक छोटी शेगडी. पाण्याचं काय करणार, असं पुण्याच्या जाऊबाईंनी काळजीनं विचारलं तेव्हा मला हसू आलं. चार-चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात ज्या बाईनं संसार केला, तिला साठ लिटर पाण्यात दोन दिवस काढणं म्हणजे चैन आहे. खाण्याचंही तसंच. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पंधरा दिवस टिकते. सोलापूरकरांनी हे खाणं बहुतेक प्रवासासाठीच शोधून काढलं असावं.

गड्ड्याची जत्रा आटोपली आणि जानेवारीच्या शेवटी निघालो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी. सोलापूरला रत्नागिरीशी जोडणारा हा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता इतका रुंद झालाय की मंगळवेढ्याची ज्वारी डोळ्यांत भरायच्या आत मागं पडते. घाटाखाली काळ्या दगडाची जागा तांबड्या जांभ्यानं घेतली तेव्हा मी ह्यांना गाडी थांबवायला लावली. फळ्यावर लाल खडूनं रंगवलेला तो दगड पहिल्यांदा हाताला लागला. अंगावर भोकं भोकं, एखाद्या शिळ्या ढोकळ्यासारखी. बाराव्या मिनिटाला ह्यांनी घड्याळात बघितलं. सवय जात नाही.

रत्नागिरीपासून पुढं मात्र वेगळा नियम केला: दुपारी चारनंतर गाडी चालवायची नाही. गणपतीपुळे, कवी केशवसुतांचं मालगुंड, जयगड. तिथून फेरीबोटीनं तवसाळ, पुढं हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. धोपाव्याहून पुन्हा बोटीनं दाभोळ, मग मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशी, वेळास. नकाशावर बघितलं तर दोन बोटं अंतर. आम्हाला तेरा दिवस लागले.

पाठ्यपुस्तकात मी शिकवायचे की महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे. 'लाभला आहे' हे शब्द पोरं परीक्षेत हमखास लिहायची. अलीकडे केंद्र सरकारनं देशाचा किनारा नव्यानं मोजला, तर ७,५१६ किलोमीटरचा तो ११,०९८ किलोमीटर भरला, आणि आपल्या राज्याचा ८७७ च्या वर गेला. समुद्र काही वाढला नाही. आधीचं माप एकास पंचेचाळीस लाख प्रमाणाच्या नकाशावरचं होतं, आताचं एकास अडीच लाखांवरचं. ढोबळ नकाशात खाड्यांचे कोपरे, खडकांचे दात, वाळूचे दांडे सगळे सरळ रेषेत गिळले जातात. बारीक पट्टी लावली की ते बाहेर येतात आणि किनारा लांब होतो. हेदवीला दोन दिवस थांबलो तेव्हा हे मला पटलं. तिथं बामणघळ आहे, खडकात पडलेली एक अरुंद चीर. भरतीची लाट आत शिरली की कोंडून वर उसळते. पहिल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, आणि घळ म्हणजे नुसती ओली भेग. शेजारी एक कुटुंब कारमधून उतरलं, फोटो काढला, "काहीच नाहीये इथं" म्हणून निघून गेलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, हे मी हजार वेळा शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी त्या हिशेबानं जाऊन बसलो आणि चिंब भिजलो. ओहोटीला पाणी कुठं जातं, ह्याचं उत्तर मला आता त्या पोराला पुन्हा द्यायचंय. तो आता चाळिशीचा असेल.

एवढं सगळं सुखाचं. पण लिहायला बसले ती दुसऱ्याच कारणासाठी.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. केरळनंही त्याच वर्षी आणलं. आपल्या धोरणात गाड्या कशा असाव्यात हे आहे, कॅरॅव्हॅन पार्क खासगी जागेत, सरकारी जागेत, कृषी पर्यटन केंद्रांत काढता येतील हेही आहे. कागद वाचून वाटलं, चला, आपली सोय झाली. प्रत्यक्षात तेरा दिवसांत आम्हाला असा एकही तळ दिसला नाही. गाडी आत घेणारी दिसली ती रिसॉर्टं, आणि तिथं खोलीएवढेच पैसे मोजायचे तर खोलीतच झोपलेलं बरं.

एका गावी, नाव लिहीत नाही, रस्त्याच्या कडेला सुरूच्या झाडांखाली गाडी लावली. कुणाच्या वाटेत नाही, वाळूवर नाही. रात्री साडेनवाला काचेवर काठी वाजली. शेजारच्या रिसॉर्टचा राखणदार. इथं लावायची नाही, कुठले तुम्ही, आधार दाखवा. हे म्हणाले, रस्ता सरकारी आहे की. तो म्हणाला, गाडीत झोपणाऱ्यांचं काय सांगता येतं? मग मी खिडकीतून तोंड काढून वर्गात बोलायचे त्या आवाजात बोलले. निवृत्त शिक्षिका, सोलापूर, अमुक शाळा. त्याचा सूर लगेच खाली आला: "मॅडम, सॉरी हां, पण मालक ओरडतो." आम्ही गाडी काढली. त्याच्या पोटाचा प्रश्न होता, त्याच्याशी काय भांडणार? रात्री अकराला तालुक्याच्या एसटी स्थानकात पोचलो. ह्यांनी नियंत्रकाला आपला जुना बिल्ला क्रमांक सांगितला. तो हसला आणि म्हणाला, "मुक्कामी ना? लावा की मागं, पहाटे साडेपाचच्या आत तेवढी हलवा."

झोप आली नाही. गाडीत झोपणाऱ्यांचं काय सांगता येतं, हे वाक्य मला जुनंच वाटत होतं. माझ्या सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो पुढं आपल्या इलाख्यातही आला. कुठल्या एका गावचे नाहीत, सारखे फिरतात, एवढ्यावरून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. कायदा रद्द झाला १९५२ साली. त्या वस्तीतल्या मुली माझ्या वर्गात होत्या. वडिलांचं जन्मगाव विचारलं की खाली बघायच्या. फिरत्या माणसावर संशय घ्यायचा हा सरकारी धडा आपण इतका पाठ केलाय, की कायदा गेला तरी काठी काचेवर वाजतेच. फरक एवढाच, की मला 'सॉरी मॅडम' मिळालं.

कॅरॅव्हॅन हा शब्द मूळचा कारवां, फारसी. आपल्याकडं त्याला तांडा म्हणतात. सोलापूरजवळ मुळेगाव तांडा आहे, बंजाऱ्यांचा. ह्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख तुडवायचे. मीठ समुद्राकाठचं, खाणारे घाटावरचे. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. म्हणजे जी गोष्ट आपण आज पर्यटनाची नवी कल्पना म्हणून परदेशातून आणतोय, तिचा मूळ मालक आपल्याच वेशीबाहेर राहतो, आणि त्यानं रस्त्याकडेला पाल टाकलं तर आपण पोलिसांना फोन करतो.

केळशीच्या अलीकडं सड्यावर आम्हाला खरा कारवां भेटलाही. धनगरांचा वाडा, फलटणकडचा. मेंढरं, दोन घोडी, घोड्यांवर भांडी, बिऱ्हाड, कोंबड्या आणि एक झोपलेलं बाळ. दिवाळीनंतर घाट उतरायचा, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवत फिरायचं आणि पावसाच्या आत माघारी. पिढ्यानपिढ्याचा शिरस्ता. तिथल्या बाईनं माझ्या गाडीत डोकावून फळ्या, चादरी, डबे सगळं पाहिलं आणि विचारलं, "आक्का, ह्या गाडीत काय इकताय?"

"काही नाही. नुसतं फिरायला आलोय."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. बिनकामाचं कुणी बिऱ्हाड घेऊन फिरतं, हे त्या दोघांना पटलेलं दिसलं नाही. मी विचारलं, तुम्हाला लोक थांबू देतात का? ती म्हणाली, "बोलवत्यात की. एक रात मेंढरं बसली की रानाला खत हुतंय." त्या बदल्यात शेतकरी भात देतो, कधी पैसे.

मला ह्या उत्तरानं विचारात पाडलं. धनगराला थांबायला जागा मिळते, कारण तो मागं काहीतरी ठेवून जातो. ह्यांच्या मुक्कामी गाडीला गाव पारापुढं जागा द्यायचं, कारण पहाटे तीच गाडी गावाला दवाखान्यात, बाजारात, कॉलेजात न्यायची. आणि आम्ही पर्यटक? पाणी पुण्या-मुंबईच्या बाटलीतलं, खाणं डब्यातलं, कचरा मात्र गावाचा. आमची कडक भाकरी आठवून मी जराशी वरमलेच. त्या दिवसापासून नियम केला की मुक्कामाच्या गावात एक वेळचं जेवण तिथल्या घरी सांगायचं. त्याआधी आंजर्ल्याला हे आपसूकच झालं होतं, एका वाडीत रात्र काढली तेव्हा. गाडी लावायचे पैसे घ्या म्हटलं तर घरच्या काकू घेईनात. जेवणाचे तेवढे घेतले, आणि चटणीची पुडी मात्र हात पुढं करून. विहिरीवर अंघोळ, सकाळी घावन. कुठल्याही पार्कात हे मिळणार नाही.

मग सरकारनं करायचं काय? फार काही नाही. आमच्या जिल्ह्यात त्याचा नमुना आहे. आषाढीला माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपुरी येते. प्रत्येक ठिकाणी पालखीतळ राखलेला आहे. लाखो माणसं, दिंड्यांचे ट्रक, त्यात चूल, भांडी, गाद्या, मागं पाण्याचा टँकर. ह्याहून मोठा कॅरॅव्हॅनचा प्रवास जगात कुठं असेल तर मला माहीत नाही. वारकऱ्याला कुणी रात्री उठवून आधार मागत नाही. त्याच धर्तीवर किनाऱ्याच्या दर पंचवीस-तीस किलोमीटरला ग्रामपंचायतीनं एक गाडीतळ करावा. सपाट जागा, पाण्याचा नळ, दिवा, बाईमाणसाला बिनघोर जाता येईल असं स्वच्छतागृह आणि मैलापाणी रिकामं करायची टाकी. पावती फाडावी, दोनशे-तीनशे रुपयांची, पैसे पंचायतीला. आणि तो सर्वांना खुला असावा. कॅरॅव्हॅनवाल्याला, ट्रकवाल्याला, दिंडीला, धनगराच्या वाड्यालासुद्धा. नुसत्या चकचकीत गाड्यांसाठी कुंपण घालून तळ करणार असाल तर ती आणखी एक सेटलमेंटच होईल, फक्त ह्या वेळी आत श्रीमंत आणि बाहेर काठीवाला.

तळ वाळूवर मात्र नको. हे मी भूगोलाची बाई म्हणून ठासून सांगते. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावाला हाताशी धरून ती जपली. आम्ही गेलो तेव्हा पिल्लं निघायला वेळ होता, जाळीच्या कुंपणातले वाळूचे उंचवटे तेवढे पाहिले. कार्यकर्ता पोरगा सांगत होता की उजेड बघून मादी परत फिरते, गाडीच्या चाकानं वाळू दबली तर खालची अंडी संपली. समुद्राला टेकून गाडी उभी करायची हौस असलेल्यांनी हे ऐकावं. आणि भरती कुणाच्या गाडीचं मॉडेल बघून थांबत नाही. वाळूत रुतलेल्या मोटारी ट्रॅक्टरनं ओढून काढायचा हंगामी धंदा काही गावांत आता चांगला चालतो म्हणतात.

दुसरी एक गोष्ट बोलून दाखवते, पटणार नाही कदाचित. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ज्या रेवस ते रेड्डी सागरी मार्गाची कल्पना निघाली, त्याच्या खाड्यांवरच्या पुलांची कामं आता मार्गी लागताहेत. पूल हवेतच. आजारी माणूस खाडीपलीकडं नेताना रात्री बोट नसणं म्हणजे काय, हे आम्ही त्या गावांतून ऐकलं, आणि कुणा पर्यटकाच्या हौसेसाठी ते पूल अडू नयेत. पण पूल झाले म्हणून फेरीबोटी बंद करू नका. धोपाव्याच्या धक्क्यावर आम्ही रांगेत होतो. पुढं मासळीचा टेम्पो, मागं शाळेची सहल, बाजूला फणसाची रोपं घेतलेले आजोबा. तिथले लोक ह्या बोटीला जंगलजेटी म्हणतात. तिचा लोखंडी दरवाजा धाडकन खाली पडला, गाड्या उलट्या तोंडानं आत घातल्या, आणि एकतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस चाकामागं बसून, हात मांडीवर ठेवून, गाडी चालताना नुसता बाहेर बघत बसला. पलीकडं दाभोळ येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, "काय बघालाव?" म्हणाले, "गाडी चालली ना? मी चालवत नाही आणि गाडी चालली."

दाभोळला उतरल्यावर चहा प्यायलो, तेव्हा त्यांनी खिशातून वही काढली. लॉगशीट. सोलापूरपासून रोज लिहीत होते: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, किलोमीटर, डिझेल, शेरा. मला वाटलं होतं, खर्चाचा हिशेब असेल. घरी आल्यावर ते आगारात जुन्या मित्रांना भेटायला गेले आणि ती वही दाखवली. कंट्रोलर साहेबांनी चष्मा वर करून पानं उलटली. हेदवी, शून्य किलोमीटर, शेरा: भरतीची वाट पाहिली. आंजर्ले, शून्य किलोमीटर, शेरा: घावन. केळशी, अकरा किलोमीटर, शेरा: मेंढरं आडवी.

"अरे," साहेब म्हणाले, "ड्युटीवर असतास तर निलंबित केलं असतं तुला."

आता मेमध्ये साहेब रिटायर होतायत. परवा फोन आला होता, गाडी रिकामी आहे का विचारत होते.